वणवा झाडांना, नुकसान जमिनीचे: उत्तरेच्या जंगलांचा हिशेब कुठे चुकतो?

कॅनडात २०२३ मध्ये लागलेल्या वणव्यांत सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्र जळाले. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ तीन कोटी आठ लाख हेक्टरच्या आसपास आहे. म्हणजे एका मोसमात जवळपास निम्मा महाराष्ट्र. २ लाख ३० हजारांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशाची राजधानी असलेले यलोनाइफ हे वीस हजार वस्तीचे शहर ऑगस्टमध्ये अख्खे रिकामे करण्यात आले. जूनमध्ये त्याच वणव्यांचा धूर न्यूयॉर्कवर उतरला आणि तिथला हवा निर्देशांक ४०० च्या वर गेला. दिल्लीकरांना या आकड्याची सवय आहे, न्यूयॉर्कला नव्हती. घरचे कोणी न्यू जर्सीत किंवा टोरांटोत असेल, तर व्हिडीओ कॉलवर दिसलेले ते नारिंगी आकाश अनेकांना आठवत असेल.

पुढे २०२५ मध्येही ८० लाख हेक्टरहून अधिक जंगल जळाले. या दोन्ही मोसमांत बातम्यांत दिसल्या त्या उभ्या पेटलेल्या झाडांच्या ज्वाला. ते स्वाभाविकच आहे, कॅमेऱ्याला दिसते तेच टिपले जाते. मात्र या जंगलांतून हवेत जाणाऱ्या कार्बनपैकी बहुतांश कार्बन झाडांतला नसतो. तो झाडांखालच्या जमिनीतला असतो. ही एक गोष्ट लक्षात घेतली नाही तर वणव्याचा हिशेबही चुकतो आणि त्यावरचा उपायही. सध्या दोन्ही चुकत आहेत.

ही जंगले नेमकी कुठे आहेत?

अलास्का, कॅनडा, स्कँडिनेव्हिया आणि सायबेरिया असा पृथ्वीच्या माथ्याभोवती गुंडाळलेला हा हिरवा पट्टा आहे. त्याला बोरियल जंगल म्हणतात, रशियन नाव तैगा. जगातील एकूण जंगलापैकी २७ टक्क्यांच्या आसपास जंगल या पट्ट्यात आहे. त्याच्या उत्तरेला झाडे खुजी आणि विरळ होत जातात, मग टुंड्रा सुरू होतो. मध्ये अगणित तळी, दलदली आणि युकॉन, मॅकेंझी, लेना यांसारख्या प्रचंड नद्या.

भारताशी या जंगलांचा एक जुना व्यवहार आहे. भारतातील वृत्तपत्रांना लागणाऱ्या कागदाचा मोठा हिस्सा आयात होतो आणि कॅनडा व रशिया हे त्याचे जुने पुरवठादार आहेत. ही बातमी मोबाइलवर वाचली जात असली, तरी घरात रद्दीत पडलेल्या एखाद्या जुन्या अंकात तिथल्या स्प्रूसचे तंतू असण्याची शक्यता बरीच आहे.

विषुववृत्तीय जंगल डोळ्यांसमोर ठेवून इथे गेले तर निराशा होईल. दलदलीतला काळा स्प्रूस शंभर वर्षांचा झाला तरी त्याचे खोड मनगटाएवढे असू शकते. पण त्याच झाडाखाली शेवाळाचा जाड गादीसारखा थर असतो. त्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, ज्याला पीट म्हणतात. आणि अनेक ठिकाणी त्याखाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षे गोठलेली जमीन.

इतका कार्बन जमिनीत साठला कसा?

कोकणात पावसाळ्यात पडलेले पान पुढच्या पावसाळ्यापर्यंत मातीत मिसळून जाते. तैगात तसे होत नाही. तिथे थंडी असते, जमीन पाण्याने तुंबलेली असते आणि स्फॅग्नम शेवाळामुळे ते पाणी आंबट असते. लोणच्याच्या बरणीचेच तत्त्व इथेही लागू पडते: वर तेलाचा थर, आत हवा नाही, आंबटपणा भरपूर, म्हणून फोड वर्षभर नासत नाही. तैगात तेलाच्या जागी पाणी आहे आणि वर्षाच्या जागी हजारो वर्षे. झाड दरवर्षी थोडे वाढते, थोडे गळते आणि गळलेले तसेच साचत राहते.

या साठ्याचा आकार मोठा आहे. उत्तरेच्या पर्माफ्रॉस्ट प्रदेशातील मातीत सुमारे १,४६० ते १,६०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन असल्याचा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आज संपूर्ण वातावरणात जेवढा कार्बन आहे, त्याच्या जवळपास दुप्पट.

या साठ्याचे राखण करते ती शेवाळाची गादी, आणि तिचे काम मोठे हुशारीचे आहे. उन्हाळ्यात शेवाळ वरून कोरडे होते. कोरडे शेवाळ उष्णता आत जाऊ देत नाही, थर्मासच्या भिंतीसारखे. हिवाळ्याच्या तोंडाला तेच शेवाळ भिजून गोठते आणि गोठलेले शेवाळ उष्णता सहज बाहेर जाऊ देते. म्हणजे आत येणाऱ्या उष्णतेला अडथळा, बाहेर जाणाऱ्या उष्णतेला वाट. इलेक्ट्रॉनिक्समध्ये डायोड जे विजेसाठी करतो, ते हे शेवाळ उष्णतेसाठी करते. त्यामुळे हवेचे सरासरी तापमान शून्याच्या थोडे वर असतानाही खालची जमीन गोठलेली राहू शकते.

वणवा सर्वात आधी ही गादीच खातो.

आग तर तिथे नेहमीचीच, मग आता वेगळे काय?

हा प्रश्न रास्त आहे. बोरियल जंगल आगीसोबतच घडले आहे. काळ्या स्प्रूसची आणि जॅक पाइनची फळे, म्हणजे शंकू, राळेने चिकटून बंद असतात. आग आली की राळ वितळते, शंकू उघडतात आणि राखेवर बी पडते. वीज पडणार, जंगल जळणार, ऐंशी-शंभर वर्षांनी तसेच जंगल पुन्हा उभे राहणार, हा तिथला क्रम आहे. २०२३ मध्येही जळालेल्या क्षेत्रापैकी बहुतांश आगी विजेमुळेच लागल्या होत्या, कोणी विडी टाकल्यामुळे नव्हे.

जुन्या क्रमात एक गोष्ट सांभाळली जात होती. आग जमिनीचा वरचा काही भाग जाळायची, पण सगळा नाही. दोन आगींच्या मधल्या काळात जेवढे साचायचे, त्यापेक्षा कमी जळायचे. उरलेला थर पुढच्या पिढीकडे जायचा, मग त्यावर आणखी एक थर. झाडांतला कार्बन हे बचत खाते म्हणता येईल, येणे-जाणे चालूच. जमिनीतला कार्बन ही वडिलोपार्जित मुदत ठेव.

ही ठेव मोडू लागली आहे का, हे तपासणारा अभ्यास २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये २०१४ च्या मोठ्या वणव्यांनंतर शास्त्रज्ञांनी जळालेल्या जागी जाऊन मातीचे नमुने घेतले आणि रेडिओकार्बन पद्धतीने त्यांचे वय काढले. वणव्याच्या वेळी साठ वर्षांपेक्षा कमी वयाची असलेली जी जंगले जळाली, त्यांच्यापैकी जवळपास निम्म्या ठिकाणी आगीने मागच्या पिढ्यांचा कार्बनही जाळला होता. जुन्या जंगलांत मात्र तो शाबूत होता. अडचण इथेच आहे. दोन आगींमधले अंतर कमी झाले, की गादी पुरेशी जाड व्हायच्या आत पुढची आग येते. आर्क्टिक प्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. मोसम लांबला, जमीन कोरडी पडली, आणि आगींमधले अंतर घटत चालले आहे.

जमिनीतली आग दिसतही नाही. ती ज्वालेने जळत नाही, धुमसते. गावाकडे रात्री चुलीतले निखारे राखेने झाकून ठेवायचे आणि सकाळी फुंकर घालून पुन्हा विस्तव करायचा, ही पद्धत अनेकांनी पाहिली असेल. पीटमध्ये वणवा तेच करतो. बर्फाखाली हिवाळाभर धुमसतो आणि वसंतात पुन्हा वर येतो. इंग्रजी माध्यमांनी त्याला ‘झॉम्बी फायर’ असे नाव दिले आहे. नाव भडक आहे, प्रकार खरा आहे. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियात अशा शंभराच्या आसपास आगी बर्फाखाली जिवंत असल्याची नोंद होती. अलास्का आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या २००२ ते २०१८ या काळातील अभ्यासात अशा आगींचा वाटा एकूण जळालेल्या क्षेत्रात एक टक्क्याहूनही कमी निघाला. पण एका वर्षी तो ३८ टक्क्यांवर गेला होता.

दुसरी बाजूही आहे

सगळेच संशोधन एका दिशेने जात नाही. अलास्कात २००४ मध्ये सुमारे २७ लाख हेक्टर जळाले. त्यानंतर तेरा वर्षे तिथल्या ७५ ठिकाणांवर नजर ठेवून केलेला अभ्यास २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. खोलवर जळालेल्या अनेक ठिकाणी काळा स्प्रूस परतला नव्हता, त्याच्या जागी अ‍ॅस्पेन आणि बर्च ही पानगळीची झाडे आली होती. ही झाडे भराभर वाढतात. जळिताच्या पूर्ण चक्राचा विचार केला, तर ती स्प्रूसपेक्षा पाचपट कार्बन धरून ठेवू शकतात, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. शिवाय ती स्प्रूसइतकी सहज पेटत नाहीत.

ही चांगली बातमी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. मात्र तिच्यातही एक बदल दडलेला आहे. कार्बन जमिनीतून लाकडात गेला. मुदत ठेव मोडून पैसे बचत खात्यात आले, रक्कम वाढलीही असेल, पण आता ती एका कुऱ्हाडीच्या, एका किडीच्या किंवा एका कोरड्या वर्षाच्या अंतरावर आहे. आणि पानगळीच्या झाडांखाली शेवाळाची ती गादी तयार होत नाही, म्हणजे खालच्या गोठलेल्या जमिनीवरचे पांघरूण परत येत नाही. कॅरिबू, म्हणजे तिथले रानटी रेनडिअर, हिवाळ्यात स्प्रूसच्या जुन्या जंगलातले लायकेन खाऊन जगतात. लायकेन म्हणजे गोडा मसाल्यात पडणाऱ्या दगडफुलाचे भाऊबंद. जळालेल्या जागी ते पुरेसे वाढायला अनेक दशके लागतात. कॅरिबूला अ‍ॅस्पेनचा काही उपयोग नाही.

नद्या आणि तळ्यांचा यात काय संबंध?

जमीन वितळते तेव्हा त्यात साठलेले सगळे पाण्यात उतरते, फक्त कार्बन नव्हे.

अलास्काच्या उत्तरेला ब्रुक्स पर्वतरांगेत गेल्या दशकभरात काही नद्या-ओढे नारिंगी झाले आहेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ७५ प्रवाहांची नोंद आहे. वरच्या अंगाला ना खाण आहे, ना कारखाना. जमीन वितळल्यावर खडकातील पायराइटसारखी सल्फाइड खनिजे पाणी आणि हवेच्या संपर्कात येतात, त्यातून गंधकाम्ल तयार होते आणि लोखंडासह इतर धातू विरघळून प्रवाहात येतात. गोव्यात पावसाळ्यात खाणींच्या खालच्या अंगाला लाल झालेले ओढे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तो रंग ओळखीचा वाटेल. फरक एवढाच, की इथे कोणी खणलेले नाही. त्यामुळे दंड करायला कंपनी नाही आणि बंद करायला नळ नाही. या प्रवाहांत मासे अंडी घालतात आणि खालची गावे तेच पाणी व तेच मासे वापरतात.

युकॉन नदीवर परिस्थिती आणखी बिकट आहे. तीन हजार किलोमीटरहून लांब असलेल्या या नदीत समुद्रातून चिनूक जातीचे सॅमन वर चढतात, थेट कॅनडापर्यंत. संख्या इतकी घटली की एप्रिल २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडा यांनी चिनूकची मासेमारी सात वर्षांसाठी थांबवण्याचा करार केला. सात वर्षे म्हणजे या माशाच्या एका पिढीचा काळ. याचा दोष एकट्या वितळणाऱ्या जमिनीला देता येणार नाही. समुद्राचे वाढलेले तापमान, नदीतले कोमट पाणी, परजीवी अशी अनेक कारणे त्यात आहेत. पण नदीकाठच्या आदिवासी कुटुंबांचे वर्षाचे गणित या माशावर चालते. उन्हाळ्यात मासे पकडायचे, धुरावर सुकवायचे, हिवाळा त्यावर काढायचा. सात वर्षांत लहान मूल मोठे होते, आणि मासा कापायला शिकण्याचे वय निघून जाते.

यलोनाइफची गोष्ट वेगळीच आहे. शहराला लागून जायंट ही जुनी सोन्याची खाण आहे. तिथल्या भट्ट्यांतून अनेक दशके आर्सेनिक बाहेर पडले आणि आजूबाजूच्या तळ्यांत, शेवाळात, पीटमध्ये बसले. खाणीच्या पोटात आजही आर्सेनिक ट्रायऑक्साइडची सुमारे २ लाख ३७ हजार टन भुकटी आहे. ती जागीच कायम गोठवून ठेवायची, हा सरकारचा तोडगा. जग तापत असताना विष गोठवून ठेवण्याची ही योजना वाचून कोणाच्याही भुवया उंचावतील. प्रश्न मात्र वर बसलेल्या विषाचाही आहे. २०२३ मध्ये शहराजवळच्या आगींत जळालेल्या जमिनीतून ६९ ते १८३ टन आर्सेनिक मोकळे झाले असावे, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. पीटने इतकी वर्षे धरून ठेवलेली ही गोष्ट काही दिवसांत हवेत आणि पाण्यात गेली.

हिशेब कुठे अडतो?

आता कागदावरच्या आकड्यांकडे. कॅनडाच्या वणव्यांतून मे ते सप्टेंबर २०२३ या पाच महिन्यांत सुमारे ६४.७ कोटी टन कार्बन बाहेर पडला, असे ‘नेचर’मधील २०२४ च्या अभ्यासाने उपग्रहांच्या नोंदींवरून काढले. कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षभरात यापेक्षा जास्त कार्बन सोडणारे देश तीनच: चीन, अमेरिका आणि भारत.

कॅनडाच्या हवामान उद्दिष्टाच्या हिशेबात हा आकडा सापडत नाही. ही लपवाछपवी नाही, नियमच तसे आहेत. आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार देशाने फक्त ‘व्यवस्थापित’ जमिनीवरचे उत्सर्जन मोजायचे असते. दुर्गम उत्तरेतले मोठे क्षेत्र त्यात येतच नाही. जे येते, त्यातलेही वणव्याचे उत्सर्जन कॅनडा ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणून वेगळ्या रकान्यात दाखवतो आणि उद्दिष्टाच्या बेरजेत धरत नाही. वीज कुठे पडावी हे सरकारच्या हातात नाही, मग त्याची शिक्षा देशाला का, हा त्यामागचा युक्तिवाद. तो अगदीच पोकळ नाही.

पण मग तीच झाडे पुन्हा वाढून तोडण्याजोगी झाली, की त्यांनी शोषलेला कार्बन मात्र जमेच्या बाजूला येतो. जळाले ते निसर्गाचे, उगवले ते देशाचे. किराणा दुकानदारही अशी वही लिहीत नाही. आणि या वहीत जमा होतात ती झाडे. साठ वर्षांत झाड परत येते, पण त्याखालचा हजार वर्षांचा पीट परत येत नाही. तो कुठल्याच रकान्यात नीट बसत नाही. जगाच्या उरलेल्या कार्बन मर्यादेतून मात्र तो वजा होतो, आणि ती मर्यादा भारतासह सगळ्यांची सामाईक आहे. भारताने वाटाघाटींत कोळशावरून ऐकून घ्यायचे आणि या रकान्याबद्दल कोणी बोलायचे नाही, हे फार काळ चालू नये. भारतीय शिष्टमंडळाने हा मुद्दा स्वतःहून मांडायला हरकत नाही. कोळशाचे उत्तर त्याने टळत नाही, हेही तितकेच खरे.

उपाय काय?

राजकारण्यांचे आवडते उत्तर म्हणजे झाडे लावणे. कॅनडात २०१९ च्या निवडणुकीत दोन अब्ज झाडे लावण्याचे आश्वासन देण्यात आले होते. महाराष्ट्राला कोट्यवधी वृक्षलागवडीच्या घोषणा नवीन नाहीत, त्यामुळे या आकड्याचे आकर्षण इथे समजावून सांगायला नको. शहरात, उजाड माळावर झाडे लावणे चांगलेच. पण ज्या स्प्रूसला आगीनंतर स्वतःच बी टाकता येते, त्या जंगलाचे दुखणे रोपांची कमतरता हे नाही.

जमिनीखालचे वाचवायचे तर आग तिथवर पोहोचण्याआधी विझवावी लागते. सध्या उत्तरेत बहुतेक आगी जळू दिल्या जातात. माणसे, घरे आणि विकण्याजोगे लाकूड यांच्याजवळ आली तरच विमाने उडतात. खर्चाचा विचार केला तर ते समजण्यासारखे आहे. मात्र त्या खर्चाच्या दुसऱ्या बाजूला काय आहे, हे २०२२ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मधील अभ्यासाने मांडले. अलास्कात आगी लवकर विझवून एक टन कार्बन डायऑक्साइड रोखण्याचा खर्च सुमारे १२ ते १३ डॉलर येतो. कारखान्याच्या धुराड्यातून किंवा हवेतून कार्बन शोषणाऱ्या यंत्रांच्या तुलनेत हा दर फारच स्वस्त आहे.

सरसकट सगळ्या आगी विझवणे हाही वेडेपणाच ठरेल. जंगलाला आग लागते, आणि सगळी दाबून ठेवली तर पुढे एकदम भडकते. निवड करावी लागेल: जिथे बर्फाळ, कार्बनने गच्च भरलेली जमीन आहे तिथे विझवायची, बाकीच्या ठिकाणी जळू द्यायची. अलास्कातील युकॉन फ्लॅट्स अभयारण्यात २०२३ पासून हाच प्रयोग सुरू झाला. सुमारे १६ लाख एकर क्षेत्राचा अग्रक्रम बदलण्यात आला. तिथे ना शहर आहे, ना विकण्याजोगे लाकूड. आग विझवायची ती केवळ खालची गोठलेली जमीन वाचवण्यासाठी. १६ लाख एकर म्हणजे साडेसहा लाख हेक्टरच्या आसपास. २०२३ मध्ये कॅनडात जळालेल्या क्षेत्राच्या पाच टक्केही नाही.